परवानगी येईपर्यंतचा मुक्काम

कुठे कोथिंबिरीची सांबारवडी तळली जात असली की मला ताईच्या नवऱ्याचा घामेजलेला चेहरा आठवतो, आणि अजूनही बरं वाटतं. आई आणि मी परदेशातल्या भावाकडे निघालो होतो. प्रवासाच्या ऑनलाइन परवानगीचं काम या जावयानं मिरवत अंगावर घेतलेलं. विचारलं की म्हणायचा, "मी पाहून राहिलो ना, तुले काय समजते त्यातलं?" विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट परत केले. अर्ज अर्धवट होता, फोटो मागणारा मेल यानं उघडलाच नव्हता. वर हसून म्हणाला, "होते असं कधी." आई शांतपणे म्हणाली, "जवाईबापू, हातावर दही घेऊन निघालेलं माणूस तसंच घरी परतत नाही. आता तुमच्याकडेच राहतो." त्याच्या एसीच्या खोलीत आम्ही बॅगांसकट उतरलो. ताईला आईनं स्वयंपाकघरात येऊच दिलं नाही, आणि तिला रोज सांबारवडी हवी असायची, त्यामुळे मे महिन्यात रोज वड्या तोच तळायचा. अर्ज मी नव्यानं भरला. परवानगी माझ्या फोनवर आली तशी आईला दाखवली. "राहू दे वं," आई म्हणाली, "उद्याच्या वड्या बाकी हायेत." परवा त्यानं विचारलं, "तेव्हा परवानगीले इतका उशीर काहून लागला असंन?" मी म्हटलं, "काय माहीत, भाऊजी. तुम्हीच तर पाहून राहिले होते."