चिंचोक्यांचे चंद्र

इंद्रलोक भागातल्या आमच्या सोसायटीने गणपतीची सजावट पहिल्यांदाच माझ्या हातात दिली, आणि मी मंडपात मखराऐवजी गुरू ग्रह टांगला. कागदाच्या लगद्याचा, पट्ट्यापट्ट्यांचा, थेट बाप्पाच्या डोक्यावर. त्याच्याभोवती एका मोटरवर चार मोठे चंद्र. आणि त्यांच्याहून लांब, तिरक्या तारांवर, दुसऱ्या मोटरवर चिंचोके. सासूबाईंनी चिंच फोडताना काढून ठेवलेले. गुरूचे लांबचे बारके चंद्र असेच वेडेवाकडे असतात. कुठून तरी बाहेरून आले आणि गुरूने धरून ठेवले, असं मानतात. त्यातले बहुतेक मोठ्या चंद्रांच्या उलट फिरतात, म्हणून माझेही उलट.

चेअरमन आले, वर बघितलं. "मॅडम, ये छोटेवाले उलटे घूम रहे हैं. वायर गलत लगा है."

"वायर सही है. वो उलटेही घूमते हैं."

"भगवान के सर पे उलटा? अपशकुन है. शाम की आरती तक सीधा करो, नहीं तो मोटर बंद."

मोटर बंद म्हणजे राहिलं काय? टांगलेला चेंडू आणि चिंचोके! डोकंच फिरलं माझं. त्यात सासूबाईंनी त्यांचीच री ओढली, "बरोबर बोलतायत ते. देवाजवळ उलटं नको गो. एक वायर तर बदलायचीय, कोणाला कळणार आहे?"

मला कळणार होतं ना! शाळेत असल्यापासून ग्रहताऱ्यांचं वाचत आलेय, आणि आता सोसायटीतल्या पोरांना खोटं दाखवू? जीव गेला तरी नाही. संध्याकाळी स्टूल घेऊन स्विचपाशीच ठाण मांडून बसले.

आरती झाली. प्रदक्षिणेला जागा राहावी म्हणून आमचा बाप्पा मंडपाच्या मधोमध बसवतात. सगळे हात जोडून फिरायला लागले, सासूबाई सगळ्यांच्या पुढे. अर्ध्यात त्या थबकल्या, मान वर. मागची शेजारीण त्यांच्यावर आदळलीच.

"अगो बाय माझे, हे चिंचोके तर आपल्या प्रदक्षिणेच्याच बाजूने फिरतायत! उलटे तुझे ते मोठे चार!"

मी उठून पाहिलं. खरंच की! एवढं वाचलं, पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला हसू आवरेना.

चेअरमननी वर पाहिलं, मग आमच्याकडे. "तो फिर बडेवाले सीधे करो."

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई स्विचसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हात लावायचा नाय कोणी. ज्याला जसं फिरायचंय तसं फिरू दे. मधी बाप्पा आहे ना?"