टेलर चाचांची बातमी आणि माझी दुरुस्ती

मी मूळचा औशाचा. शिक्षक म्हणून पहिली नेमणूक मिळाली ती नांदेड जिल्ह्यात, उमरीजवळच्या एका लहान गावात. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, दोन खोल्या आणि पुढे लांब व्हरांडा. शिक्षक दोघंच. एक मी, आणि दुसऱ्या मुख्याध्यापिका. त्यांना सगळं गाव नुसतं 'बाई' म्हणायचं. बाई रोज नांदेडहून रेल्वेनं उमरीला यायच्या, तिथून रिक्षानं गावात. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती, पण परिपाठाच्या आधी व्हरांड्यात त्यांची पिशवी टेकलेली नाही असं मी कधी पाहिलं नाही.

या शाळेतली एक गोष्ट मला पहिल्याच महिन्यात नवलाची वाटली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शाळेचं एक पान निघायचं. मोठा कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला, सगळा मजकूर मुलांच्या हातचा. शाळेत महिनाभर काय झालं, वर्गात काय केलं, गावात काय पाहिलं, ते त्यात असायचं. उमरीला त्याच्या झेरॉक्स काढायच्या. एक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, एक पिठाच्या गिरणीत, एक शाळेत. लावताना मुलं मोठ्यानं वाचून दाखवायची, आणि दळण घेऊन आलेल्या बायका डबा खाली ठेवून ऐकायच्या.

बातम्या साध्याच असायच्या. "आम्ही ओल्या फडक्यात वीस मूग ठेवले. सोळा उगवले. चार का उगवले नाहीत ते कळले नाही." "हापशाचा दांडा सैल झाला आहे. हळू हापसावे." "पहिलीतल्या एकाचा दात खिचडी खाताना पडला. दात सापडला नाही."

हे सगळं बाई कशा करून घ्यायच्या ते पाहण्यासारखं होतं. मूल कागद घेऊन यायचं. बाई त्याला शेजारी बसवायच्या, वाचायच्या आणि एकच विचारायच्या, "पाहिलं का ऐकलं?"

"ऐकलं, बाई."

"मग जा, बघून ये."

एवढं म्हटलं की पोरगं पळालंच. एकदा दुसरीतल्या एका मुलानं लिहिलं होतं की मारुतीच्या देवळामागं मोर आला. बाईंनी त्याला पाठवलं, सोबत मला पाठवलं. मोर नव्हता, पण एक पीस सापडलं. पानावर आलं ते असं : "देवळामागे मोराचे पीस सापडले. मोर दिसला नाही." मला हसू आलं होतं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, आता ही बातमी कुणी खोटी म्हणू शकत न्हाई." मुलाच्या वाक्यातलं शुद्धलेखन त्या सुधारायच्या, वाक्याला हात लावत नसत. आणि मूळ कागद, कितीही चुरगळलेला असो, लोखंडी पेटीत जपून ठेवायच्या. मला वाटायचं, एवढं कशाला?

दुसऱ्या वर्षी, लग्नसराईच्या आधीच्या महिन्यात, बाईंची मुलगी नांदेडला बाळंत झाली आणि बाई रजेवर गेल्या. त्या महिन्याचं पान काढायचं काम माझ्याकडे आलं. मला आतून आनंदच झाला. पान जरा देखणं करावं, मथळे ठळक द्यावेत, मधोमध मोठं चित्र घ्यावं असं माझ्या मनात होतंच.

चौथीत एक मुलगी होती. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, आई कधी रोजानं शेतात. अंगानं बारीक, बोलणं कमी, पण नजर अशी की वर्गातला कोणता खडू कुठं पडलाय ते तिला विचारावं. तिनं टेलर चाचांवर लिहून आणलं होतं. गिरणीशेजारच्या खोलीत चाचांचं शिलाईचं दुकान होतं. त्यांच्या वडिलांपासूनचं. निम्म्या गावाचे कपडे आणि शाळेतल्या मुलांचे बरेचसे गणवेश त्यांच्याच मशीनवरून आलेले. मुलीनं लिहिलं होतं : "टेलर चाचांना सुईचे भोक दिसत नाही. त्यांनी मला दोरा ओवायला सांगितला. मी ओवला. मग त्यांनी चष्मा घातला आणि फ्रॉक शिवला. शिलाई सरळ आली."

मधल्या चित्रानं बरीच जागा खाल्ली होती. मी तिच्या बातमीची पहिली तीन वाक्यं ठेवली, बाकीची काढली आणि वर ठळक मथळा दिला : टेलर चाचांना दिसेना. खाली तिचं नाव, इयत्ता चौथी. मला ते छान वाटलं होतं, हे आज लिहिताना कबूल करायला हवं.

शनिवारी पान लागलं. बुधवारी, मधल्या सुट्टीनंतर, चाचा शाळेच्या दारात उभे राहिले. पांढरी दाढी, गळ्यात मापाची टेप तशीच. हातात घडी केलेला कागद. मी खुर्चीवरून उठलो.

"बसा चाचा."

"बसायला न्हाई आलो, सर." ते उंबऱ्याबाहेरच थांबले. "तुमच्या सदऱ्याचं वरून तिसरं बटण निराळ्या दोऱ्यानं लावलंय. बाकी पांढरा, ते पिवळट. हाय का न्हाई?"

मी खाली पाहिलं. खरंच होतं. मला स्वतःला ते माहीत नव्हतं.

"हाय," मी म्हणालो.

"हितून दिसून राहिलंय मला. अन् तुम्ही पेपरात टाकलं की मला दिसत न्हाई." त्यांचा आवाज चढला नव्हता. "एका घरचे लग्नाचे कपडे यायचे होते माझ्याकडं. आज त्यांनी कापड उमरीला नेलं. म्हणले, चाचा, तुम्हाला तरास कशाला. बोलो, अब मैं क्या बोलूं लोगां को?"

ती मुलगी दुसऱ्या रांगेत बसली होती. तेव्हा मी जे बोललो ते मला अजून टोचतं. मी म्हणालो, "चाचा, मुलांनी लिहिलंय हो. लहान आहेत, कळत नाही त्यांना."

चाचांनी मुलीकडे पाहिलं. मान हलवली आणि गेले. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे वळलो आणि गुणाकार लिहायला लागलो.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. शेजारच्या मुलीनं सांगितलं, तिची आई तिला लई बोलली. लोकांच्या घरात डोकावून पेपरात कशाला लिहायचं म्हणून.

शुक्रवारी बाई रजेवरून आल्या. नात झाल्याचे पेढे आणले होते. पेढा हातात देतादेताच म्हणाल्या, "येताना मी गिरणीत थांबले होते, कानावर आलं. काय झालं, सर?"

मी सांगितलं. सांगताना 'जागा नव्हती', 'मुलीनं लिहिलं' असे शब्द येत गेले. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "मूळ कागद कुठंय?"

पेटीत टाकायचा मी विसरलो होतो. माझ्या टेबलाच्या खणात तो सापडला. बाईंनी उभ्याउभ्याच वाचला, पानाशी ताडून पाहिला आणि माझ्यापुढं ठेवला. मी वाचला. "मग त्यांनी चष्मा घातला आणि फ्रॉक शिवला. शिलाई सरळ आली." पोरीनं सगळं लिहिलं होतं. जे पाहिलं ते, आणि जेवढं पाहिलं तेवढं.

बाई रागावतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरगी बरोबर होती, सर. आता काय करायचं ते तुम्ही सांगा."

मला वाटतं, रागावल्या असत्या तर मी सुटलो असतो. मी म्हणालो, "आधी तिच्या घरी जातो."

"जावा. मी वर्ग बघते."

मुलगी अंगणात भांडी घासत होती. आई दारात आली, मला पाहून पदर सावरला आणि म्हणाली, "सर, चुकलं तिचं. पुन्हा न्हाई लिहिणार."

मी म्हणालो, "तिचं चुकलं नाही. माझं चुकलं. तिनं लिहिलेलं मी अर्धंच घेतलं." आणि मूळ कागद आईला वाचून दाखवला. आईनं दोनदा वाचायला लावला. मग मुलीकडे वळून म्हणाली, "मग तवाच बोलली का न्हाईस गं?"

मुलगी मला म्हणाली, "माझी वाक्यं का काढली?"

"जागा कमी पडली."

"मग चित्र बारीक काढायचं की."

मी तिची माफी मागितली. इतक्या लहान मुलाची माफी मी त्याआधी कधी मागितली नव्हती, आणि ती मागताना शब्द कसे जड होतात ते त्या दिवशी कळलं. सोमवारी येईन म्हणाली. लिहिणार मात्र नाही म्हणाली.

सोमवारी परिपाठात मी सगळ्या शाळेपुढं काय घडलं ते सांगितलं. पहिलीतल्यांना किती कळलं कोण जाणे, पण चौथीचा वर्ग मान वर करून ऐकत होता. मग बाईंनी चौथीला रांगेत उभं केलं आणि आम्ही चाचांच्या दुकानी गेलो.

दुकानात दोनच माणसं मावतील एवढी जागा. मुलं बाहेर ओट्यावर दाटीवाटीनं बसली. बाई म्हणाल्या, "चाचा, मी हजर नव्हते, पण शाळा माझी हाय. चूक शाळेची झाली. या महिन्याच्या शेवटापर्यंत थांबायचं न्हाई, उद्याच दुरुस्तीचं पान लावतो आम्ही. जेवढ्या मोठ्या अक्षरात चूक छापली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात."

मी म्हणालो, "मी लिहिणार आहे. खाली नाव माझंच असेल." आणि त्या दिवशी मुलांवर ढकललं त्याबद्दल त्यांचीही माफी मागितली.

चाचांनी कापडावरची खडूची रेघ पुरी केली. मग म्हणाले, "सर, जवळचं कमी दिसतंय हे खरं हाय. उमर झाली. पोरीनं काय झूट लिहिलं न्हाई." त्यांनी तिला हाकेनं पुढं बोलावलं. ती ओट्याच्या कडेला, सगळ्यांच्या मागं उभी होती. "इधर आ बेटी. मेरी खबर मैं बोलताऊं, तू लिख."

"मी न्हाई लिहीत आता," ती म्हणाली.

"नक्को लिख. बघ तरी."

त्यांनी चष्मा चढवला, कपाट उघडून एक उरलेला तुकडा काढला आणि मशीनवर बसले. पायडल सुरू झालं. मुलं ओट्यावरून आत झुकली. शिलाई सुईखालून सरकत गेली, कडेपासून सारखं अंतर धरून, वळणावरही न चुकता. एकानं विचारलं, चाचा किती वर्षं शिवता. चाचा म्हणाले, तुझ्या आजोबांच्या लग्नाचा सदरा मी शिवलाय. सगळी हसली. दोन मिनिटं गेली असतील. ती मुलगी पुढं सरकत सरकत मशीनच्या अगदी जवळ आली होती.

"चाचा, डोळे मिटून शिवता येतं का?"

"सीधी शिलाई येतीय."

"अन् काजं?"

"न्हाई बेटी. काजाला डोळे पायजेत."

"मग काजं कोण करतंय?"

"मीच. सकाळी. ऊन दारात असतंय तवा."

तिनं शेजारच्या मुलाच्या हातातली वही आणि पेन्सिल ओढून घेतली आणि उभ्यानंच लिहायला लागली. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या तिच्या वहीकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नातीचे पेढे वाटताना होता तसाच आनंद होता.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचं पान लागलं. वरच्या अर्ध्यात माझा मजकूर, खाली तिचा. माझ्या मजकुरात बाईंनी एका शब्दावर बोट ठेवलं. मी 'अनवधानाने' लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "अनवधानानं न्हाई, सर. तुम्ही ठरवून कमी केलं." मी तो शब्द काढला. तिच्या बातमीत त्यांनी फक्त एक वेलांटी सुधारली. गिरणीत तिनंच ते वाचून दाखवलं, खणखणीत आवाजात, माझाही मजकूर तिनंच. मी दळणाच्या डब्यांमागं उभा राहून ऐकला.

उमरीला गेलेलं कापड काही परत आलं नाही. लग्न तिथल्याच कपड्यांत झालं. पण पुढच्या आठवड्यात त्याच घरातली आजी दोन झबली शिवायला घेऊन चाचांकडे आली, आणि वैशाखापर्यंत दुकानाच्या दोरीवर कपडे लटकलेले दिसत होते. चाचा मला रस्त्यात भेटले की नेमानं थांबून बोलायचे. बटण मात्र त्यांनी मला स्वतःहून लावून दिलं नाही. मी सदरा घेऊन गेलो तेव्हा इतरांसारखा रांगेत ठेवला.

त्यानंतर बाईंसोबत मला दोन वर्षं मिळाली. मी बऱ्याच प्रशिक्षणांना बसलोय, लातूरला, नांदेडला. पण मुलाच्या कागदापुढं कसं बसावं हे मी त्या व्हरांड्यात, बाईंच्या शेजारच्या पाटावर बसून शिकलो. त्या घाई करत नसत. मूल अडलं की शब्द पुरवत नसत. खिडकीबाहेर बघत बसायच्या, आणि ते मूल आपला शब्द आपणच शोधून आणायचं. कधी कधी त्याला इतका वेळ लागायचा की मला राहवायचं नाही. बाई तेव्हा माझ्याकडे न बघता हात नुसता जरा वर करायच्या. थांबा, म्हणून.

ती मुलगी चौथी पास होऊन उमरीच्या शाळेत गेली. बाई निवृत्त झाल्या, नांदेडला नात सांभाळतात. पान आता मी आणि नव्यानं आलेल्या एक बाई मिळून काढतो. परवा दुसरीतल्या एकीनं बातमी आणली : "आमच्या शेळीला तीन पिल्ले झाली. एक उभे राहत नाही." मी विचारलं, पाहिलं का ऐकलं. पाहिलं, म्हणाली, आणि पुढचं विचारायच्या आत म्हणाली, "सर, थांबा. आता घरी जाऊन बघते, उभं राहिलं असंल." दप्तर तिथंच टाकून ती गेली, आणि मी तिच्या कागदावर खालच्या बाजूला चार ओळींची जागा मोकळी सोडली.