अंतरपाटाची मागची बाजू

मी तसा खडूस माणूस. कुणाचं कौतुक करायला माझी जीभ लवकर वळत नाही. पण शेजारच्या आकारामच्या कामाला नावं ठेवायची सोय त्यानं मलासुद्धा ठेवली नव्हती.

कडेगावात स्टँडच्या मागच्या गाळ्यांत माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लावून त्याचं फोटो-गिफ्टचं. पूर्वी तो लग्नांचे फोटो काढायचा. मोबाइल घरोघरी आले, स्टुडिओ ओस पडला, तेव्हा रडत न बसता त्यानं सब्लिमेशनचं काम शिकून घेतलं. म्हणजे कपावर, टी-शर्टवर, उशीच्या अभ्र्यावर फोटो छापायचं काम. फोटो आधी कागदावर उलटा छापायचा, तो कागद कापडावर पालथा घालायचा आणि तापलेल्या प्रेसखाली दाबायचा. शाईची वाफ होते आणि ती धाग्यात जाऊन बसते, मग कितीही धुवा. कागदावर हे चित्र अगदी मरतुकडं दिसतं. नवशिके तिथंच घाबरतात आणि रंग वाढवत बसतात. आकाराम कागदाकडं ढुंकून बघायचा नाही. "नवरी पार्लरमधनं भाईर आल्याबिगर तिच्याबद्दल बोलू न्हाई," म्हणायचा.

विटा-तासगावकडचे दुकानदार अडले की त्यालाच फोन लावायचे. माझ्या काउंटरवर बसून दिलेली त्याची उत्तरं मला पाठ झाली आहेत. कुणाच्या कपावर आडव्या रेघा आल्या की, "मशीन बंद ठिवून गावाला गेलतास न्हवं? नोझल वाळलंय, साफ कर." कुणाचा टी-शर्ट पहिल्याच धुण्यात पांढरा पडला की, "गड्या, साधी फोटोची शाई भरलीयास तू, न्हाईतर सुती कापड घेतलंयस. ह्या शाईला पॉलिस्टरच लागतंय." हे सांगताना त्याची मान जरा ताठ व्हायची. व्हायला हरकत नव्हती.

शाईच्या बाबतीत तर तो सोवळं पाळायचा. एकच कंपनी, सांगलीहून आणलेली. प्रेसमध्ये कापडाच्या खाली बटर पेपर घालतात, तोही प्रत्येक वेळी नवा. कापड पातळ असलं की शाई आरपार उतरते आणि त्या कागदावर बसते. तोच कागद पुन्हा वापरला तर पुढच्या कापडाच्या पाठीवर आधीच्या चित्राची सावली उठते. आकाराम त्याला भूत म्हणायचा. दुसऱ्यांच्या कामातली असली भुतं दाखवून तो खो खो हसायचा.

गेल्या उन्हाळ्यात लग्नांची दाटी झाली आणि सांगलीत त्याची नेहमीची शाई मिळेना. त्यानं दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीची स्वस्तातली बाटली आणली आणि प्रिंटरच्या टाकीत उरलेल्या जुन्या शाईवर ओतली. झालं, काळा रंग हिरवट यायला लागला. माणसांच्या मिशांवर शेवाळ धरल्यासारखं दिसायचं. हाच प्रश्न विट्याच्या माणसानं विचारला असता तर यानं झापला असता त्याला. टाकी रिकामी कर, धू, एकाच जातीची शाई भर आणि कॉम्प्युटरवर तिचे रंग नव्यानं जुळवून घे. पण त्यात अख्खा दिवस मोडतो. आकारामनं प्रेसची उष्णता वाढवली, वेळ वाढवला. हिरवट गेलं, तपकिरी आलं. तपकिरीवर त्यानं भागवून नेलं.

त्यातच शिवतेजचं काम आलं. शिवतेज हा सुभेदार मानसिंगांचा मुलगा. सुभेदार फौजेतून रिटायर होऊन गावी आले, हौसेनं ऊस लावला आणि पहिला ऊस कारखान्याला जायच्या आत हार्ट अटॅकनं गेले. आता त्यांच्या लेकीचं, शिवांजलीचं लग्न होतं. शिवतेजला वडिलांचा वर्दीतला फोटो छापलेलं सॅटिनचं कापड हवं होतं, मांडवात पहिल्या ओळीतल्या रिकाम्या खुर्चीवर घालायला. आणि अंतरपाट हवा होता. हल्ली साधा पांढरा अंतरपाट कुणाला चालत नाही. नवरा-नवरीची नावं, कमळं, कलश, सगळं छापून लागतं.

सुभेदारांच्या मिशा नीट काळ्या याव्यात म्हणून आकारामनं खुर्चीवरचं कापड बराच वेळ दाबलं. ते झालं आणि लगेच अंतरपाट घातला. खालचा कागद बदलला नाही. रोल संपत आला होता, बाहेर शिवतेज मोटरसायकल चालू ठेवून उभा होता आणि एकदा न बदलल्यानं काय होतंय, असं त्याला वाटलं. अंतरपाट निघाला तो पुढून झकास. उलटून बघितला तर पाठीवर फिकट तपकिरी सुभेदार. टोपी, मिशा, डोळे, सगळं कळत होतं. आकारामनं चेहरा ओळखला. दुसरं सॅटिन दुकानात शिल्लक नव्हतं. मागची बाजू कोण बघतंय, असं मनाशी म्हणत त्यानं नावं वर ठेवून घडी घातली आणि पिशवी शिवतेजच्या हातात दिली.

माझा राग आहे तो इथं. ज्यानं अर्धं आयुष्य लग्नांचे फोटो काढण्यात घालवलं, त्याला अंतरपाटाला मागची बाजू नसते हे आठवू नये? एका बाजूला नवरा उभा असतो आणि दुसऱ्या बाजूला नवरी.

लग्नाला आम्ही दोघंही गेलो होतो. नावांची बाजू नवरदेवाकडं करून अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि पहिलं कडवं संपायच्या आत शिवांजली मोठ्यानं ओरडली, "तात्या!"

भटजी थांबले. अक्षता टाकायला उचललेले हात तसेच राहिले. पाठीशी उभ्या असलेल्या मामानं तिला दंडाला धरलं, त्याला वाटलं पोरगी चक्कर येऊन पडते. ती पडत नव्हती. ती रडत होती, हसत होती आणि कापडाकडं बोट दाखवत होती. मग अंतरपाट फिरवला आणि सगळ्या मांडवानं सुभेदारांना बघितलं.

सुभेदारांच्या पत्नी शालनवहिनी विधवा म्हणून आपणहून मागच्या ओळीत सरकून बसल्या होत्या. त्या गर्दीतून वाट काढत पुढं आल्या. कापडाला हात न लावता त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आलं बघा हे. लेकीचं लगीन टाकून ऱ्हातील व्हय?"

बायकांनी पदर डोळ्याला लावले. आमच्या शेजारी एक रिटायर हवालदार होते, त्यांनी तेवढं बरोबर हेरलं. "टोपीवरचा बिल्ला डावा सोडून उजव्या डोळ्यावर आलाय की रं," ते म्हणाले. त्यावर त्यांच्या पलीकडचे म्हातारबा लगेच म्हणाले, "आवं, पलीकडनं बघत्यात न्हवं का ते, म्हणून उलटं दिसतंय." सगळ्यांना ते पटलं. खालच्या कागदावरचं चित्र पाठीवर उलटंच उमटतं, हे त्या मांडवात एकट्या आकारामला ठाऊक होतं. तो स्वतःच्या चपलांकडं बघत बसला होता.

त्यानं तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं, हे सांगायला अक्कल लागत नाही. पण आनंदानं रडणाऱ्या मांडवात उभं राहून, ती माझी चूक हो, असं म्हणायला छाती लागते. जेवणं व्हायच्या आधी माइकवरून त्याचं नाव पुकारलं. ज्यांच्या हातून सुभेदार आले त्यांचा सत्कार, म्हणाले. फेटा बांधला, नारळ दिला. शिवतेज त्याच्या पाया पडला. फेट्याखाली आकारामचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा लाल झाला होता. तो न जेवताच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात रंगाच्या डब्यावर बसून त्यानं मला हे सगळं सांगितलं. त्याची बायको क्रांती दुकानात त्याच्याबरोबरीनं काम करते. तिला त्यानं घरी गेल्या गेल्या सांगितलं होतं. "ती म्हणली, फेटा बांधूस्तवर गप कसं बसला तुमी," तो म्हणाला. "काय सांगू तिला? लाज वाटली म्हणून गप बसलो, आन गप बसलो म्हणून आता जास्त लाज वाटतीया."

पुढं माणसं यायला लागली. आमच्या अण्णांना असंच आणा. आमची आई पाठवणीला असायला पाहिजे. आकाराम हात जोडून म्हणायचा, "ते माझ्या हातात न्हाई." हे बोलणं अगदी खरं होतं, पण लोकांना त्यातही त्याचा मोठेपणा दिसायचा. एक बाई तर दुकानाच्या उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावून गेल्या. त्या दिवशी त्यानं टाकीतली मिसळलेली शाई सगळी ओतून दिली, मशीन धुतलं, आणि मला म्हणाला, "शालनवैनीकडं जायचंय. संगं चल. एकट्याचा पाय उचलंना."

गेलो. घरात देवघराशेजारी अंतरपाट काचेच्या फ्रेममध्ये लावला होता. नावं आणि कमळं भिंतीकडं, सुभेदार आमच्याकडं. उदबत्ती लावलेली. वहिनींनी चहा ठेवला. आकारामनं कप उचललाच नाही. खाली मान घालून त्यानं सगळं सांगितलं, शाईपासून घडी घालण्यापर्यंत. चेहरा ओळखून घडी घातली, हेही सांगितलं. एवढं मात्र त्याच्या बाजूनं मी बोलेन, त्यानं काही लपवलं नाही.

वहिनींनी फ्रेमकडं बघितलं. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे ते आलंच न्हवतं?"

मला तिथून उठून जावंसं वाटलं. आकाराम म्हणाला, "न्हाई वैनी. म्या कागद बदलला न्हाई."

वहिनींनी पदर सावरला. त्या रागावल्या असत्या, चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ही पोरगी झाली तवा हे ड्यूटीवर. तिची दहावी झाली तवा ड्यूटीवर. लग्नात म्होरं उभा ऱ्हातो, म्हणून शब्द दिलता तिला. लगीन झाल्यापास्नं रोज फोनवर त्येच बोलती, तात्यांनी शब्द पाळला. मला सांगितलंसा ते बरं केलंसा. तिला सांगू नगा."

येताना रस्त्यात तो एकदाच बोलला. "त्या बाईचा नवरा दुसऱ्यांदा नेला मी," म्हणाला.

मला वाटलं होतं, इथं हे मिटलं. शाई पुन्हा सांगलीची आली, काळा रंग काळा यायला लागला, कागद बदलला जायला लागला. विट्याहून फोन आला तर उत्तर द्यायचा, पण हसणं गेलं. कुणाच्या कामातलं भूत दाखवायला तो पुन्हा माझ्याकडं आला नाही.

मग परवा शिवांजली दुकानात आली. माहेरपणाला आलेली, पोटुशी होती, चेहऱ्यावर तेज. डोहाळजेवणाला मागं लावायचा पडदा तिला छापून हवा होता. मी तेव्हा आकारामच्याच काउंटरला टेकून उभा होतो. पडद्यावर मोर असावा की पाळणा, असं बोलणं झालं. माप लिहून झालं. मग ती जरा घुटमळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काका, एक विचारू? ह्या कापडावर तात्या येतील का वो?"

आकारामनं पेन खाली ठेवलं. मी त्याच्याकडं बघितलं नाही, मला बघवेना. तिच्या आईनं घातलेली गळ एका बाजूला आणि ही पोरगी समोर.

"न्हाई बाई," तो म्हणाला. "ते लगीन लावायला आलं हुतं. शब्द पाळला त्यांनी. आता न्हाई यायचं."

तिनं मान डोलवली. वाईट वाटलं तिला, पण पटलं. मग वळसा घालून ती काउंटरच्या आत आली, पोट सांभाळत, काउंटरला धरून वाकली आणि त्याच्या पाया पडली. "तुमच्यामुळं दिसलं," म्हणाली, आणि गेली.

तो तसाच उभा होता. मी म्हणालो, चल, चहा घेऊ.

"आजवर नुस्ता गप हुतो," तो म्हणाला. "आज तोंडानं खोटं बोललो. ते एक ऱ्हाऊ दे. पर पोटुशी पोरगी वाकली तवा पाय मागं घ्यायला पायजे हुतं मी. न्हाई घेतलं."