रोवळीमागे गेलेली आई

आमच्या घरात तेव्हा एकच माणूस बोलत नव्हता, तो म्हणजे बाबा. गिरणीचा संप फसला, नोकरी गेली, आणि चारकोपच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या बादल्या काढायला लागल्यापासून त्यांचं तोंड जे मिटलं ते मिटलं. एरवी हा माणूस असा, की भाजी आणायला गेला तरी आल्यावर त्याची गोष्ट करून सांगणार! मला त्या गप्प बसण्याचा राग यायचा. आईला मात्र भीती वाटायची.

शेवटी तिने ठरवलं, ह्यांना आवडणाऱ्या तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, खायला घालायच्या. बाजारातल्या नाहीत, स्वतः वेचलेल्या. आईचं माहेर मालवणाकडे, खाडीकाठी. ओहोटी लागली की रोवळी घेऊन चिखलात उतरायचं आणि तिसऱ्या वेचायच्या, हीच तिची लहानपणची चैन. "आवडीचं पोटात गेलं की माणूस बोलतो," ती मला म्हणाली.

बाबांना सुट्टी रविवारी. म्हणून एका रविवारी अंधेरीहून बसने वर्सोवा, तिथून होडीने मढ. आईच्या काखेत माहेरची बांबूची रोवळी, माझ्याकडे पाण्याची बाटली, आणि मागून बाबा, चुकून दुसऱ्याच्या वरातीत शिरल्यासारखे.

पण पाणी काही हटेना. "आत्ता ओसरेल बघ," आई म्हणत राहिली. दुपार झाली तरी जेमतेम वीतभर वाळू उघडी पडली, आणि तिच्यात मिळाली काय, तर एक तुटकी चप्पल! एकदम आईने कपाळावर हात मारला. "अगो बाय माझे! आज अष्टमी!"

झालं, वाट लागली. अष्टमीला भांग. समुद्र धड चढत नाही, धड उतरत नाही. कोकणातलं शेंबडं पोरही हे सांगेल. पण गावात तिथी बघून खाडीत उतरायचं, आणि इथे आम्ही रविवार बघून उतरलेलो. मला वाटलं, आता आई रडणार. तर ती खडकावर बसून खो खो हसायलाच लागली. तेवढ्यात पाणी फिरलं आणि बाजूला ठेवलेली रोवळी अलगद उचलून घेऊन गेलं.

"जांव दे गो ती रोवळी!" बाबा ओरडले. बाबा! ओरडले!

ऐकलं असतं तर ती माझी आई कसली? पदर खोचला, साडीचा काष्टा मारला आणि निघाली. आधी चालत, मग गळ्यापर्यंत, मग चक्क पोहत. चाळीचा जिना चढताना धापा टाकणारी माझी आई काय झकास हात मारत होती! तिला पोहता येतं हेच मला माहीत नव्हतं. माझा ऊर नुसता भरून आला.

बाबा डोंगराकडच्या वाडीतले, पोहण्याच्या नावाने शंख. तरी पॅंटसकट कमरेएवढ्या पाण्यात शिरले. "परत ये गो! आयकतंस काय?"

"तुमी थयच ऱ्हवा! तुमका पेवूक येणा नाय!" आई तिकडून.

ती डोक्यावर रोवळी उलटी घालून बाहेर आली. बाबांनी रोवळी स्वतःच्या हातात घेतली. परतीच्या होडीत पुन्हा तेच मौन. ओल्या साडीत कुडकुडत आई त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरला.

घरी येऊन तिने पिठलं टाकलं. शेजारच्या काकू दारात ठेवलेल्या रिकाम्या रोवळीत डोकावल्या. "काय गं, एकही नाही?"

आई तोंड उघडणार, तोच बाबा म्हणाले, "वहिनी, बसा. मी सांगतो."

आणि ओल्या पॅंटनेच उंबरठ्यावर बसून त्यांनी सुरुवात केली. त्यांच्या गोष्टीत लाटा माडाएवढ्या होत्या, रोवळी अर्ध्या समुद्रात गेली होती आणि ते स्वतः गळ्यापर्यंत पाण्यात होते. काकू हसून हसून भिंतीला टेकल्या. आत पिठलं करपल्याचा वास सुटला. आई हातात डाव धरून, डोळे पुसत तिथेच उभी होती, आणि जणू आपण गेलोच नव्हतो अशा आवाजात विचारत होती, "मग? पुढे काय झालं?"