दोन टाईमची गोळी

"बस पारड्यात. बघू दे, औंदा वजन कापसाचं जास्त का हिचं."

असं म्हणून मालकानं मला दंडाला धरून काट्याच्या पारड्यात बसवलं. मालक म्हंजी माझा नवरा. जवळा बाजार गावाहून व्यापाऱ्याची गाडी आली होती, आमच्या दारात कापसाचं माप चालू होतं. अर्धी गल्ली जमलेली. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत न्हाई, शुभ म्हणून लाभ म्हणतो. त्यानं दुसऱ्या पारड्यात लोखंडी माप टाकलं अन् वरडला, "लाभ!" लोक खो-खो हसले. मग दोन. मग तीन. मी पदर तोंडावर वढून बसले. उठावं का, हे बी सुधरंना. सगळ्यात मोठ्यानं मालक हसले.

हिंगोली जिल्हा व्हायच्या आधीची ही गोष्ट. लग्नात मी काडी होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर फिट येऊ लागल्या. गोळ्या सुरू झाल्या, फिट थांबल्या, अन् अंग सुटलं. वर्षात एक बी झंपर अंगात जाईना. गोळीनं असं व्हतंय, पण गोळी सोडायची न्हाई, असं डॉक्टरीण बाईनं मालकाच्या पुढ्यातच सांगितलं होतं. तरी जेवताना टोमणा ठरलेला. "फुकटचं खाऊन माजली." अरे, दोन भाकरीची मी एक केली होती! तो कापूस बी निम्मा मीच वेचला होता! माहेरी सांगितलं, तर माय म्हणली, नांदायचंय तुला, ऐकून घे.

मापाच्या त्या दिवसापासून मी गोळी बंद केली. कुणाला सांगितलं न्हाई. वाटलं, अंग उतरंल, तोंडं बंद व्हतील. अक्कल गहाण ठेवली, दुसरं काय! आठ दिवसांत भाकरी थापताना फिट आली. डावा हात चुलीत. मालकानं आधी चप्पल हुंगवली. चप्पल! मग हाताकडं बघितलं, मग जीप केली.

हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाईनं संगं आणलेल्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या अन् इचारलं, "गोळी काहून बंद केली?"

मालक म्हणले, "तिला कुठं भान हाय, बाई. इसरली."

माझं डोस्कं फिरलं. हाताची आग आग व्हत होती, तरी बोलले. "इसरले न्हाई. ह्यांनी मला गल्लीपुढं कापसावानी जोखलं. लाजंनं बंद केली."

वार्डातल्या बाया वळून बघू लागल्या. मालकानं मान खाली घातली. मला काही बरं वाटलं न्हाई. घरी जायची भीती वाटली.

घरी येताच म्हणले, "माझी इज्जत घालवली. आता गोळ्या बंद. न्हाईतर माहेरी चालती व्हय."

कुठं जाऊ? माय ठेवून घ्यायची न्हाई. रान ह्यांच्या नावावर, लेकरं ह्यांच्या दारात. समदीकडून कोंडलेली मी. म्हणलं, "जात न्हाई. अन् गोळी बी सोडत न्हाई. तुमच्या पुढ्यात बसून खाते."

खाल्ली. अजून खाते, दोन टाईम, त्यांच्या पुढ्यात. ते ताटावरून उठून जातात. जाऊ द्या.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई. मी बी आजवर घेतलं न्हाई. पण गोळ्यांच्या पाकिटाला ह्यांनी हात लावला, तर चावडीपुढं उभी राहून, नाव घेऊन, सगळ्या गावाला सांगणार हाय.