दिनकरकाकांचे सगळे दुष्ट

सीरियलच्या सेटवर दोन गोष्टींचा ढीग साचतो, थर्माकोलचा आणि किश्श्यांचा. थर्माकोल निदान अधूनमधून कुणीतरी टेम्पोत भरून नेतं. किस्से मात्र जिथल्या तिथं पडून राहतात, आणि युनिटमध्ये नवा माणूस आला की त्याला पहिल्याच चहाबरोबर पाजले जातात. आमच्याकडचे निम्मे किस्से एकाच माणसाचे आहेत. दिनकरकाकांचे.

आधी ओळख करून देते. मी शमा, सांगलीची. पूर्वी नवरीचा मेकअप करायचे, आता राक्षसांचा करते. कोरेगावच्या बाहेर एका बंद शेडमध्ये आमची ‘ध्रुवापल्याड’ नावाची अंतराळातली मालिका शूट होते. ती चालली म्हणून दुसरी निघाली, दुसरीतून लहान मुलांसाठी तिसरी निघाली. यानं बदलली, ग्रह बदलले. दुश्मन मात्र तिन्हीकडे एकच. सरड्याच्या कातडीचा सम्राट, किड्यांचा सेनापती, शस्त्रांचा व्यापारी, सगळ्यांच्या आत पलूसकडचे दिनकरकाका. घरी ऊस, तरुणपणापासून जत्रेतल्या नाटकांत कामं, आता साठीला टेकलेले. तोंड रबराच्या मुखवट्याखाली असतं, त्यामुळे एक दुष्ट मेला की पुढच्या आठवड्यात दुसरा व्हायला काका मोकळे.

* * *

काका पहिल्यांदा सेटवर आले ते पहारेकरी म्हणून. एक दिवसाचं काम, एकच वाक्य: “सम्राट येत आहेत.”

आणि नेमका सम्राटच येत नव्हता. मुंबईहून निघालेला तो नट खंबाटकी घाटात अडकून पडलेला. आमचे डायरेक्टर अभय सर पुण्याचे, फार शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांनी फोन गादीवर आपटला.

काका भाला घेऊन उभे होते. ते म्हणाले, “सायेब, आमच्या गावच्या नाटकात राजा आला न्हाई तर पहारेकरीच गादीवर बसतोय. परेक्षकांस्नी काय, मुकूट दिसला की झालं.”

सर वैतागून म्हणाले, “बसा मग.”

मी माझ्या अब्बांच्या गादीच्या दुकानातला फोम आणून सम्राटाची पाठ केली होती. ती काकांना चढवली, मुखवटा घातला. काका सिंहासनावर बसले आणि सम्राटाचं हुकूम सोडायचं लांबलचक भाषण त्यांनी असं म्हटलं, जसं कोणी घरातल्या माणसाला मीठ दे म्हणतो. आवाज इतका खाली की साऊंडवाल्यानं हेडफोन दाबून धरला.

कट झाल्यावर सरांनी विचारलं, “ओरडला का नाहीत?”

काका म्हणाले, “वरडतो त्यो, ज्याचं कोण ऐकत न्हाई.”

मुंबईचा नट दुपारनंतर पोचला. त्याला पहारेकऱ्याचं काम विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

* * *

शस्त्रांच्या व्यापाऱ्याचा सीन आम्ही अजून एकमेकांना करून दाखवतो.

आमचा हिरो ओंकार त्या व्यापाऱ्याकडून एक तोफ विकत घेणार, असा प्रसंग. दोन पानं घासाघीस लिहिलेली. काकांनी वाचली आणि मला म्हणाले, “पोरी, एक रुमाल दे. मोठा.”

ॲक्शन म्हटल्यावर त्यांनी ओंकारचा हात धरला, वर रुमाल टाकला आणि रुमालाखाली त्याची बोटं दाबायला लागले. एक शब्द नाही. नुसतं बघतायत. ओंकारला काय चाललंय ते कळेना. एक बोट दाबलं, मग तीन, मग आख्खी मूठ. ओंकारच्या कपाळावर खराखुरा घाम. शेवटी त्याच्या तोंडून आपोआप निघालं, “ठीक आहे, मंजूर.”

सरांनी तेच ठेवलं. दोन पानं गेली.

आटपाडीकडच्या जनावरांच्या बाजारात असा भाव ठरतो, हे काकांनी नंतर सांगितलं. ओंकारनं विचारलं, “काका, मी काय कबूल केलं?”

“तोफंचं मला ठावं न्हाई,” काका म्हणाले. “पर बैल लय म्हागात घेतलास गड्या.”

* * *

एका पत्रकार मुलीनं त्यांना विचारलं होतं, इतकी वर्षं वाईट माणसं करता, मनाला त्रास नाही होत?

काका म्हणाले, “माजं रबर संध्याकाळी निघतंय. बाकीच्यांस्नी रबरच न्हाई, त्यांनी काय काढायचं?”

* * *

काकांचा सगळ्यात गाजलेला दुष्ट म्हणजे पाणी अडवणारा. एका कोरड्या ग्रहाचा सगळा पाणीसाठा त्याच्या ताब्यात. आम्ही शूटिंगला आटपाडीच्या माळावर गेलो होतो. तिथं वेगळा ग्रह उभा करायला काही करावंच लागत नाही.

स्क्रिप्टमध्ये होतं, लोक पाण्यासाठी हात जोडतात आणि तो गडगडाटी हसतो. काका म्हणाले, “मी हसणार न्हाई.”

सर म्हणाले, “का?”

“आवं, माजं रान पाटाच्या शेवटाला हाय. पाणी अडीवणारा मानूस मी जल्मभर बगतोय. त्यो कवाच हसत न्हाई. त्यो आदुगर खुर्ची देतो. मग च्या देतो. मग म्हनतो, माज्या हातात काय न्हाई, वरनंच आलं न्हाई.”

सरांनी खुर्ची आणि चहाचा कप मागवला.

निळ्या-करड्या चेहऱ्याचा, कपाळावर शिंगांची रांग असलेला तो प्राणी म्हातारीला खुर्ची देतो, चहा देतो आणि अगदी मायेनं म्हणतो, “वरून आलं नाही, आई.” बघायला गावातली माणसं जमली होती. एकानंही टाळी वाजवली नाही. एक बाई फक्त म्हणाली, “ह्यो आमच्याकडचाच हाय.”

* * *

त्याच दुष्टाच्या काळातली गोष्ट. कोरेगावला शूट चालू असताना काकांना घरून फोन आला, ऊसतोडीची टोळी रानात आलीय, ताबडतोब या. मुखवटा काढायला वेळ लागतो आणि परत चढवायला त्याहून जास्त. सरांनी दुपारची सुट्टी दिली. काका तसेच निघाले, मोटरसायकलवर, निळं तोंड आणि शिंगं घेऊन.

कराडच्या पुढं एका हवालदारानं हात केला. “हेल्मेट कुठाय?”

काका म्हणाले, “बसत न्हाई, सायेब.”

हवालदारानं शिंगांकडं बघितलं. नीट बघितलं. मग म्हणाला, “पाणी बंद करणारे तुमीच का?”

“व्हय.”

“माजी आई तुमच्या नावानं रोज बोटं मोडती. परवा तर जेवलीच न्हाई.” आणि त्यानं तिथंच आईला फोन लावून काकांच्या हातात दिला.

काका गाडीवरून उतरले. “आक्का, मी त्यो पाणी अडीवणारा.”

पलीकडून जे सुरू झालं ते बराच वेळ चाललं. तिच्या लहानपणी हंडा घेऊन किती लांब जावं लागायचं तिथपासून. काका रस्त्याच्या कडेला उन्हात उभे राहून ऐकत होते, मधूनमधून म्हणत होते, “व्हय आक्का. चुकलं माजं.”

शेवटी तिनं विचारलं, “आता सोडशील का पाणी?”

काका म्हणाले, “सोडतो.”

ऊसतोडीची सोय लावून ते परत आले आणि सरळ सरांकडं गेले. “सायेब, पाणी सोडावं लागंल. मी शब्द दिलाय.”

सरांनी कपाळाला हात लावला. पुढचे भाग लिहून झालेले होते. पण त्या दुष्टानं मरताना स्वतःच्या हातानं पाण्याचा दरवाजा उघडला, ते तुम्ही पाहिलं असेल. त्याचं कौतुक लेखकाला मिळालं. ते खरं त्या आक्काचं आहे.

* * *

मग काकांचा आवाज बसायला लागला. आधी आम्हाला वाटलं, धूळ. मिरजेत दाखवलं तर गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी होती, पण डॉक्टरांनी बजावलं, काही महिने एक शब्द बोलायचा नाही. पुढं आवाज कितपत परत येईल, तेही सांगता येत नाही.

इकडं नेमका सरड्यांचा सम्राट गोष्टीत परत येणार होता. चॅनेलकडून निरोप आला, दुसरा माणूस घ्या, मुखवट्याखाली कोण आहे ते कोणाला कळतंय? एक उंच, दणकट नट आला. मुखवटा त्याला बरोबर बसला. वाक्यंही चोख म्हटली.

ओंकार मध्येच थांबला. म्हणाला, “सर, मला भीती वाटत नाहीये. मी पळू कशाला?”

तो नट समजूतदार होता. त्यानंच मुखवटा काढून टेबलावर ठेवला.

सरांनी काकांना बोलावून घेतलं. सम्राटाची सगळी वाक्यं कापली. काका खुर्चीत बसले, आणि मी मेकअपला हात घातला. गळ्यावर नवी शिवण होती, तिला धक्का न लावता काम करायचं होतं. त्या दिवशी डोळ्यांखाली मुखवटा चिकटवायचा गम धरेना. पुसलं, लावलं, परत ओलं. मग काकांनी माझा हात बाजूला केला, स्वतः डोळे पुसले आणि मान हलवली, आता लाव.

सीनमध्ये सम्राट गादीवर बसलेला आणि ओंकार त्याला आव्हान देतोय. काका नुसते बघत होते. बोलता बोलता ओंकारचा आवाज बारीक होत गेला आणि तो एक पाऊल मागं सरकला. ते पाऊल स्क्रिप्टमध्ये नव्हतं. कॅमेरामन फोकस सांभाळताना शिव्या द्यायचंही विसरला.

कट झाल्यावर ओंकार सम्राटाच्या पाया पडला. काकांचा मुखवटा काढायच्या आधीच.

* * *

आवाज परत आला, थोडा खरखरीत होऊन आला. त्या आनंदात अभय सरांनी काकांसाठी खास भूमिका लिहून घेतली. चांगल्या माणसाची. जुन्या यानाचा म्हातारा कारागीर, जो सगळ्यांना बाहेर काढतो आणि स्वतः मागं राहून मरतो. मुखवटा नाही, शिंगं नाहीत. काकांचं स्वतःचं तोंड, पिकलेल्या मिशा, सुरकुत्या. मला काम जवळजवळ नव्हतंच, घाम टिपण्यापुरतं.

काकांच्या बायकोचं, सुशीलाकाकूंचं सांगायला हवं. काकांच्या मरणाचं त्यांना कधी काही वाटलं नाही. काका वितळले, जळाले, त्यांचा कोळसा झाला, तरी काकू टीव्हीपुढं शेंगा फोडत बसायच्या आणि शेजारी बसलेल्या काकांना म्हणायच्या, “झालं? मेलासा? चला, भाकरी वाढते.”

कारागिराचा भाग लागला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. काका पहिल्यांदाच ओळखू येणार म्हणून भावकी, शेजारी, सगळे. यानाचा दरवाजा बंद झाला, काचेतून काका हसले, हात वर केला आणि संपलं. बायका रडल्या. कोणीतरी पेढे काढले. काकू उठून आत गेल्या. त्या दिवशी भाकरी कोणी वाढली, ते काकांना आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू सेटवर हजर. इतक्या वर्षांत कधी आल्या नव्हत्या. एसटीनं आल्या होत्या, हातात पिशवी. अभय सर पुढं झाले, खुर्ची मागवली. काकूंनी त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, “शमा कुठं बसती?”

त्या माझ्या खोलीत आल्या. भिंतीला काकांचे सगळे चेहरे टांगलेले होते, सरडा, किडा, व्यापारी, पाणीवाला. काकूंनी एकेकापुढं उभं राहून बघितलं. कोणाच्या गालावरून हात फिरवला, कोणाचं सुटलेलं शिंग दाबून बसवलं. बाहेरून काकांचा खरखरीत आवाज येत होता, कोणाला तरी हसवत होते.

मी म्हटलं, “काकू, बसा ना. पाणी देऊ?”

त्या बसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरून सगळ्यात भयंकर तोंड काढलं, किड्यांच्या सेनापतीचं, पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली आणि माझ्या हातात दिलं.

“पोरी, त्यांस्नी ह्यो लाव. ह्यो मेला तरी घरला येतोय.”