कोअर-शेडमधले बाण

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आता लातुरात क्लासवर केमिस्ट्री शिकवतो, त्याआधी नांदेडला राहून दगडांवर पीएच.डी. करत होतो... म्हणजे रिपोर्ट हातात आल्याशिवाय काहीही न मानणारा माणूस. तरी हे लिहितोय.

भूकंपानंतर किल्लारी भागात खोल बोअर घेतले होते. त्यातून निघालेले दगडाचे लांबट, गोल तुकडे — आम्ही त्यांना कोअर म्हणतो — एका उठून गेलेल्या गावाच्या जुन्या गावठाणात, पत्र्याच्या शेडमध्ये ट्रे रचून ठेवलेले असत. प्रत्येक तुकड्यावर लाल बाण, जमिनीत असताना वरची बाजू कोणती ते दाखवणारा. त्यांची पूड करायची, कुठल्या थरात कोणतं मूलद्रव्य किती ते तपासायचं आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीचा लाव्हा किती खोलवरून, कशातून वर आला ते शोधायचं, हे माझं काम.

एप्रिलची दुपार. राखणदार रशीदभाई जेवायला गेले होते. मी आळशीपणा केला, वरचे ट्रे न उतरवता मधलाच ओढला. अख्खी थप्पी दारावर कोसळली, माझा पाय खाली. दार आत उघडणारं. पत्रा तापलेला, श्वास पुरेना, ओरडून घसा बसला. आपण इथंच संपणार असं वाटलं आणि मी चक्क रडलो.

तेव्हा अगदी जवळून एका बाईचा दमलेला आवाज आला. "वर कुणीकडं हाय?"

वाटलं, बाहेर कुणीतरी आहे. मी म्हणालो, "दाराकडं... इकडं, दाराकडं." मला फक्त माझी सुटका दिसत होती. पुन्हा आवाज आला नाही.

तासाभराने रशीदभाईंनी पत्रा उचकटून मला बाहेर काढलं. बाहेर बाई नव्हती, जवळपास वस्तीच नव्हती. आत वाकून पाहिलं, तर पसरलेले चाळीसेक तुकडे — सगळ्यांचे बाण दाराकडे. एकही वाकडा नाही.

मी त्यांना आवाजाचं सांगितलं. भूकंपानंतर याच जागी ते मलबा उपसायला होते.

"ढिगाऱ्याखाली एक बाई होती, आमाला बी हेच इचारत होती ती," ते म्हणाले. "अंधारात तिला वर-खाली कळंना. आमी सांगेस्तोवर आवाज थांबला... तुमी काय सांगितलं, सर?"

"दार."



जमिनीचा उतार, थप्पीचा धक्का, सगळं तपासलं. एवढ्यानं चाळीस बाण एकाच दिशेला वळत नाहीत. पण छळतं ते वेगळंच. तिनं वर विचारलं होतं. मी आडवं सांगितलं... आणि ती जमिनीखालून तिकडेच गेली.